आधी भाव, मग बातमी

दिगू, तुला जायला हाच महिना सापडला?

तुझा बारावा होतो न होतो तोच सुएझचा कालवा पुन्हा बंद पडला. पुन्हा. जहाजं आत अडकून पडली आहेत, इजिप्तवाले म्हणतात आम्ही उघडणार नाही, आणि सगळं नंदुरबार माझ्या दुकानाच्या ओट्याकडे बघतंय, कारण गेल्या खेपेला तो कालवा या ओट्यावरूनच गेला होता. अशी बातमी वर्षानुवर्षांत एखादी येते. तू असतास तर शाळेतून परस्पर आला असतास, घरी चहालासुद्धा न थांबता, आणि पेपरची गाडी यायच्या आधीच स्टेशनच्या वाटेकडे मान वाकडी करून बसला असतास. मला ते डोळ्यांपुढे दिसतं आणि आधी हसू येतं, मग तुझा राग येतो.

सुतकाच्या दिवसांत ओट्यावरचं पेपरवाचन बंद होतं. तेराव्याला मी कमलवहिनींकडे गेलो. म्हटलं, "वहिनी, काही लागलं तर सांगा." त्या म्हणाल्या, "भावोजी, बाकी काही नको. ओट्यावरचा पेपर बंद करू नका. संध्याकाळी ते घरात नाहीत, याची मला सवय आहे. तुमचा पेपर चालू राहिला, तर तेवढा वेळ मला काही वेगळं वाटणार नाही."

दुसऱ्या दिवशी ओटा झाडला.

आणि पहिल्याच संध्याकाळी कोरीटचे दगाजीभाई पाटील बैलगाडी सोडून, धोतराचा सोगा खोचत, समोर येऊन उभे राहिले. "छगनशेठ, आते मास्तर नही. तू सांग. काया वावरमा कपाशी टाकू का नको? कालवा तठे बंद पडना, नि मन्हा जीव आठे टांगना."

तुला माहीतच आहे, हा प्रश्न आपल्या दोघांच्या भांडणाचा होता. दहा वर्षं चाललेल्या. मी म्हणायचो, मास्तर, त्याला सांगून टाक. तू सांगायचा नाहीस. आता तो प्रश्न तुला वळसा घालून थेट माझ्या पायाशी आला, आणि मी, ज्याच्या जिभेला हाड नाही असं तू चार लोकांत सांगायचास, तो मी म्हणालो, "दगाजीभाई, जरा बसा. मी पेपर वाचतो." पेपर वाचता वाचता अंधार पडला. ते उठून गेले. जाताना म्हणाले, "मी परत येसू."

त्यांना काय सांगायचं, हे ठरवायला मी हे तुला लिहायला बसलोय. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला काही ठरवता येत नाही, ही सवय तूच लावलीस.

आठवतं का, सुरुवात कशी झाली? तू पुण्याहून अर्थशास्त्र शिकून आलास आणि हायस्कुलात भूगोल नि अंकगणित शिकवायला लागलास. अर्थशास्त्र तुझ्या पोटात तसंच राहिलं. मग ते माझ्या ओट्यावर बाहेर पडायला लागलं. मुंबईचा पेपर आपल्याकडे सुरतेच्या गाडीने शिळा होऊन येतो, म्हणून लोक म्हणायचे, शिळ्या बातमीत काय राम. तू म्हणालास, शिळी तर शिळी, पण उलटी वाचू. आणि तू पेपर हातात घेऊन पहिलं पान दुमडून मांडीखाली दाबून ठेवलंस. ओट्यावर बाजारभावाचं पान उघडलंस. सोनं किती, कापूस किती, एरंडी, शेंगदाणा, ताग, कुठल्या कंपनीचे शेअर चढले, कुठल्या कंपनीचे उतरले. सगळं वाचून झालं की तू चष्मा कपाळावर ढकलायचास आणि विचारायचास, "सांगा. जगात काय झालं असेल?"

आधी भाव, मग बातमी. गावोगावी पेपर वाचले जातात, पण असा पेपर दुसरीकडे कुठे वाचला जात असेल तर मला दाखव. बाजारात सोनं चढलंय, म्हणजे कुणीतरी घाबरलंय. कोण? तेलाच्या कंपनीचा शेअर पडलाय. कुठे काय फुटलं? दगाजीभाई काही म्हणायचे, कापडवाले मिश्रीलालजी काही म्हणायचे, मी तर सगळंच म्हणायचो. सगळ्यांचे अंदाज बाहेर आले की तू मांडीखालचं पान काढायचास. ते पान तुझ्या मांडीच्या घामाने ओलं झालेलं असायचं, पण ते उलगडताना ओट्यावर इतकी शांतता असायची, की मिश्रीलालजींचं पान चघळणंसुद्धा थांबायचं. मला अजून दुसऱ्या कशात तेवढी मजा आलेली नाही. माझ्या लग्नातसुद्धा नाही. हे आमच्या घरी कळू देऊ नकोस, म्हणजे आता तू कळवणार तरी कसा.

मग ते छप्पन साल. सुएझ पहिल्यांदा बंद पडला तेव्हा दगाजीभाईंनी विचारलं, "मास्तर, हाऊ कालवा शे कोठे?" तुझ्या शाळेतला नकाशा शाळेच्या कपाटात होता आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. तू माझ्याकडे बघितलंस. मी काही बोलायच्या आत तू गल्ल्यामागे शिरून पोत्यांत हात घालायला लागलास. ओट्यावर ज्वारीची आफ्रिका घातलीस. तुरीच्या डाळीचा हिंदुस्थान. थंड देश म्हणून साबुदाण्याचा युरोप. अरबस्तान शेंगदाण्यांचं. इंग्लंडला खडीसाखरेचा एक खडा दिलास, तेही मिश्रीलालजींनी "इंग्रज कुठे बसला?" असं दोनदा विचारलं म्हणून. मध्ये बोटाने एक फट केलीस आणि म्हणालास, "हा कालवा."

मी डोक्याला हात लावून बसलो होतो, कारण ते सगळं जग माझ्या दुकानातलं होतं आणि संध्याकाळी परत पोत्यात भरलं तर गिऱ्हाइकांनी मला मारलं असतं.

"आता," तू म्हणालास, "तापीला पूर आला नि प्रकाशा गावापाशी नदी ओलांडायचा उतार बंद झाला, की काय होतं?"

"शहादानं तूप आठे येस नही," दगाजीभाई म्हणाले.

"मग?"

"आठे महाग. तठे स्वस्त."

"झालं. हेच." तू फटीवर एक गुळाचा खडा ठेवलास. "कालवा बंद. आता जहाजाने जायचं ते सगळ्या ज्वारीला वळसा घालून. लांबची वाट, जास्त भाडं. ज्याचा माल पलीकडच्या काठावर, तो इथे महाग. ज्याचा माल अलीकडच्या काठावर, तो पलीकडे जायचा थांबला, म्हणून इथे स्वस्त. फक्त एवढंच बघा, माल कुठल्या काठावर आहे."

त्याच क्षणी मिश्रीलालजींच्या शेजारची बकरी ओट्यावर चढली आणि तिने आख्खं अरबस्तान खाल्लं. तिला हाकलायला मी धावलो तर जाता जाता तिने खडीसाखरेचा खडाही उचलला. मिश्रीलालजी म्हणाले, "मास्तर, इंग्लंड गयो." तू म्हणालास, "त्याची वेळ आलीच होती."

इतकं स्वच्छ कुणाला समजावता आलं असतं? बाकीच्यांना समजलं. मला मात्र जास्तच समजलं. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी मुंबईच्या अडत्याला तार केली: लवंग पाठवा. लवंग परदेशातून येते, कालवा बंद आहे, लवंग सोन्याच्या भावाने जाणार. पोती आली. दुकानात हळद, मीठ, साबण, सगळ्याला लवंगेचा वास. लोक म्हणायचे, छगनशेठकडची साखरसुद्धा दातदुखीवर चालते. आणि महिन्याभरात लवंग उतरली. उतरतच गेली.

तू पोत्यांच्या रांगेकडे बघून विचारलंस, "लवंग कुठली?"

"झांजीबारची," मी ताठ मानेने म्हणालो.

"झांजीबार कुठल्या काठावर?"

तू खाली बसलास, ज्वारीची मूठ घेऊन आफ्रिका पुन्हा घातलीस आणि तिच्या आपल्याकडच्या कडेला बोट ठेवलंस. अलीकडच्या काठावर, दिगू. कालव्याच्या अलीकडे. विलायतेला जाणारी लवंग थांबली आणि मुंबईला येऊन पडली. मी तापीच्या या काठाला उभा राहून याच काठाचं तूप साठवून ठेवलं होतं. तू इतका हसलास की तुझा चष्मा ज्वारीत पडला. नंतर त्या हिवाळ्यात तू शाळेत पोरांना नवा प्रश्न घातलास: "झांजीबार कोणत्या बाजूस आहे व एका किराणा दुकानदाराचे नुकसान का झाले?" माझा थोरला तुझ्या वर्गात होता. त्याने बरोबर उत्तर लिहिलं आणि घरी येऊन मला दाखवलं.

पण तुझीही एकदा जिरली होती, ते लोक विसरले असतील, मी विसरणार नाही. रशियाने आकाशात चंद्र सोडला त्या वेळची गोष्ट.

त्या दिवशी पेपर आला आणि तू अजून शाळेत होतास. एक बाई गूळ मागायला आली. मी नेहमीच्या हाताने खालचा कागद ओढला, गूळ बांधला, दिला. ती दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं की बांधला तो त्या दिवसाच्या बाजारभावाच्या पानात. आता तू येणार, ओटा भरणार, आणि भाव नाहीत. वाण्याला सुचणार ते मला सुचलं. रद्दीच्या गठ्ठ्याच्या अगदी तळातून भावाचं एक जुनं पान काढलं, वरची तारखेची पट्टी फाडली, आणि पेपरात सारून ठेवलं. म्हटलं, भाव काय, आज काय नि काल काय.

तू आलास, पहिलं पान मांडीखाली घातलंस, आणि वाचायला लागलास. रबर चढलेलं. कथील तर भलतंच चढलेलं. लोकर, ताग, सगळं चढलेलं. तुझा आवाज बदलत गेला. "अरे," तू म्हणालास, "हे काय आहे? ही तर लढाई आहे." सगळा ओटा म्हणाला, लढाई. मिश्रीलालजी उठून दुकानाच्या फळ्या लावायला निघाले होते, मी त्यांचं उपरणं धरून बसवलं. तू मांडीखालून पान काढलंस. मोठ्या अक्षरांत: रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडला.

क्षणभर तू गडबडलास. फक्त क्षणभर. मग चष्मा कपाळावर गेला आणि तू सुरू झालास. आहाहा. चंद्र म्हणजे काय? यंत्र. यंत्राला जोड हवेत, जोडाला कथील. आकाशात थंडी, म्हणून लोकर. यंत्राच्या तोंडाला घट्ट बसायला रबर. आता एकाने सोडला की दुसरा सोडणार, तिसरा सोडणार, म्हणून व्यापाऱ्यांनी आजच साठे केले. भाव नेहमी उद्याकडे बघतात, असं तू म्हणालास आणि ते मला आजही खरं वाटतं. दगाजीभाईंनी मध्येच विचारलं, "मास्तर, ते सगळं खरं. पन चंद्रले गोन्या कसाले?" तागाचं राहिलं होतं. तू म्हणालास, "यंत्राचे भाग कशात भरून नेणार, दगाजीभाई?" दगाजीभाईंनी मान डोलावली.

मी गल्ल्यामागे उपरण्यात तोंड खुपसून हसत होतो. सांगणार होतो, शपथ, पण तू इतका सुंदर बोलत होतास की तोंड उघडवेना.

मग मुंग्या आल्या. पान वर्षानुवर्षं गुळाच्या पोत्याशेजारी पडलेलं. एक मुंगी तुझ्या अंगठ्यावर चढली, तू झटकलीस. दुसरी आली. तिसरी पानाच्या मागच्या बाजूला गेली, तिला बघायला तू पान उलटलंस. मागच्या बाजूला कोरियातली लढाई भर रंगात चालू होती.

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "आजचं पान गुळाबरोबर गेलं."

ओटा इतका हसला की शेजारचे लोक बघायला आले. मिश्रीलालजींना ठसका लागला. तूही हसलास, पण तू सगळ्यांत आधी थांबलास. लोक गेल्यावर तू ते पान घडी करत म्हणालास, "छगन, भाव वाचून मी लढाई ओळखली, ते ठीक. पण चंद्र दिसल्यावर मी तासभर चुकीच्या पानाचं कारण सांगितलं. आणि एकदाही अडखळलो नाही. तुला हसू येतंय. मला भीती वाटतेय."

त्या दिवसापासून तू दोन नियम केलेस. पहिला, कारण सांगणाऱ्याने आधी सांगायचं की काय झालं तर आपण चुकलो असं मानू. मगच बोलायचं. आणि खरंच चुकलात तर ओट्यावर सगळ्यांना गूळ वाटायचा. गेल्या साली सरकारने रुपया उतरवला तेव्हा तू म्हणालास, "आपल्या दुकानातलं घड्याळ पुढे होतं, सगळ्यांना माहीत होतं, सरकारने फक्त काटे मागे घेतले. आता आपला माल बाहेर स्वस्त पडेल, जास्त खपेल. दिवाळीपर्यंत खपला नाही तर मी चुकलो." दिवाळी आली. माल काही तसा खपला नाही. तू मोठ्या आनंदाने ओट्यावर उभा राहून म्हणालास, "मी चुकलो," आणि गूळ वाटलास. माझ्या दुकानातला. चुकायचं तू आणि गूळ माझा, ही कुठली अर्थनीती, असं मी विचारलं तर म्हणालास, "परिणाम नेहमी दुसऱ्यावर होतात, तेच तर शिकवतोय."

दुसरा नियम मला कधी पटला नाही. सल्ला द्यायचा नाही. "मी कारण सांगेन. काय पेरायचं, काय विकायचं, ते सांगणार नाही." दगाजीभाई दर वर्षी पेरणीच्या आधी विचारायचे, दर वर्षी तू टाळायचास. एकदा ते चिडले. "तू कारन सांगस, पन करानं काय ते सांगस नही. मंग मी आठे कसाले येऊ?" शाळेत शुद्ध मराठी बोलणारा तू, तुझाही तोल सुटला आणि तू तुझ्या गावच्या, रनाळ्याच्या बोलीत शिरलास: "मी मास्तर शे, दगाजीभाई. जोशी नही."

यावरच आपलं शेवटचं भांडण झालं. उन्हाळ्याच्या अखेरीला तुला दम लागायला लागला होता, तू ओट्याच्या खांबाला टेकून बसायचास. दगाजीभाई नुकतेच रिकाम्या हाताने परत गेले होते. मी म्हणालो, "त्या माणसाला वर्षभराचं पीक ठरवायचंय. तुझ्याकडे एवढं डोकं आहे आणि तू हात झटकून मोकळा होतोस. तू भित्रा आहेस, दिगू."

तुला राग आला नाही. तू पेपर घडी करून काखेत मारलास आणि म्हणालास, "आज दम नाही. उद्या उत्तर देतो."

तो उद्या आला नाही. पहाटे तुझ्या घरून निरोप आला.

म्हणून मी रोज त्या उत्तराचा अंदाज करतोय. कधी वाटतं तू म्हणाला असतास, "हो, भित्रा आहे, आणि तू असायला हवं होतंस, लवंगा आठव." कधी वाटतं, तुझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं आणि तुला एक दिवस हवा होता. हे दुसरं मला जास्त आवडतं. त्यात तू माझ्यासारखा दिसतोस.

कागद इथेच अर्धा राहिला होता. आता कालची संध्याकाळ ऐक.

दगाजीभाई परत आले. मिश्रीलालजी होते, नेहमीचे सगळे होते. मी पहिलं पान दुमडून मांडीखाली घातलं. भाव वाचले. अंदाज झाले. पान काढलं. कालवा अजून बंद. आणि मग, दिगू, मी समजावून सांगितलं. बरं सांगितलं, असं मला वाटतं. इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस पलीकडच्या काठावर अडकला, तो महागणार. पण आपली कपाशी आखूड धाग्याची. तलम कापडाच्या गिरणीला आखूड धागा चालत नाही. ज्याला गहू हवा त्याला मीठ देऊन भागत नाही, तसं. म्हणून तो महागला तरी आपला महागेलच असं नाही. शिवाय सुदानचा लांब धाग्याचा कापूस आहे, तो तांबड्या समुद्रातून येतो, तो अलीकडच्या काठावर. हे मी अडखळत सांगितलं. अडखळलो याचा मला आनंद झाला.

दगाजीभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं. मंग टाकू का नको?"

आता बघ. दहा वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. "टाका कपाशी," एवढे दोन शब्द. ते माझ्या दातांच्या मागे येऊन उभे राहिले होते. मी दगाजीभाईंकडे पाहिलं. मोठा माणूस, दोन विहिरी, केळीची बाग, चार माणसं हाताखाली, पण ते काळं वावर गेल्या दोन्ही साली पाण्यावाचून हातचं गेलंय, आणि यंदाही गेलं तर ते बटाईने दुसऱ्याला कसायला द्यावं लागेल, हे सगळ्या कोरीटला माहीत आहे. वडिलांनी राखलेलं वावर. त्या डोळ्यांसमोर माझे दोन शब्द आत गेले.

मी म्हणालो, "दगाजीभाई, मला माहीत नाही."

ओट्यावर हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाले असतील. मिश्रीलालजींनी मान वळवून पाहिलं, मला बरं नाही की काय म्हणून.

दगाजीभाईंनी धोतराचा सोगा सारखा केला. मग म्हणाले, "तुमीन सगळा कपाशीच देखी ऱ्हायनात. मी गहू देखी ऱ्हायनू."

"गहू?"

"अमेरिकाना. रेशनना. तो जहाजमा येस ना? आते तो लांबना वळसा घालीसन येयी. उशीर व्हयी. मंग घरमा काय खावानं? अर्धा वावरमा ज्वारी टाकस. अर्धामा कपाशी."

मी तोंड उघडं ठेवून बसलो. सगळ्या ओट्याचं लक्ष कापसावर होतं आणि हा माणूस ताटातल्या भाकरीकडे बघत होता. तेवढ्यात मिश्रीलालजी पुढे सरकले. त्यांचा डोळा चमकत होता, तू लावलेलं व्यसन. "दगाजीभाई, अमेरिकेला दोन बाजू आहेत. इकडून वाट बंद तर जहाज तिकडच्या समुद्रातून येईल. गहू वेळेवर येणार. तुमची ज्वारी फुकट जाणार."

"तिकडला समुद्र लांब शे का जवळ?"

"ते मला काय माहीत? पण आहे."

आणि जुंपली. अर्धा ओटा दगाजीभाईंकडे, अर्धा मिश्रीलालजींकडे. आवाज इतका चढला की शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं इकडे आली. कुणी भाड्याचं बोलतंय, कुणी म्हणतंय गहू तर अमेरिका फुकटासारखा देते, तो ती लांबून कशाला पाठवेल, कुणी म्हणतंय फुकट देतात तेच तर लांबून पाठवतात. दिगू, मी मध्ये काही बोलत नव्हतो. कुणाला माझी गरजच नव्हती, आणि खरं सांगू, तुझीसुद्धा नव्हती. तुला हे ऐकायला किती आवडलं असतं.

शेवटी दगाजीभाईंनी हात वर केला. "ऐका. दसराले रेशनना गहू येळवर उना, तं मी चुकनू. मी सोता सांगसू, आठे उभा ऱ्हायीसन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेठ, चुकनू तं अर्ध वावर चुकी. पुरं नही. पन एक सांगस. मास्तर इतला वर्सं कारन सांगे. पन मन्हा वावरमा कधी उना नही."

ते खरं होतं.

"सल्ला नको माले," ते म्हणाले. "पेरनीना दिन बांधवर ये. बस. एकला माणूसले पेरताना लई इचार येतस."

तर दिगू, मी परवा कोरीटला चाललोय. दुकान थोरल्याकडे सोपवून. तुला जे उत्तर द्यायचं होतं ते तुझ्याबरोबर गेलं, आणि मी तुला भित्रा म्हटलं ते परत घेत नाही, कारण तू सल्ला देत नव्हतास हे बरोबर होतं, पण तू कोरीटला गेला नाहीस हे बरोबर नव्हतं. मीही गेलो नाही. एवढी वर्षं आपण दोघं ओट्यावर बसून सगळं जग फिरलो, आणि दोन-चार कोसांवरचं ते वावर आपल्याला सुचलं नाही. बाकी सगळं तुला देतो. भाव आधी, बातमी मग, हे तुझं. चुकायची अट आधी सांगायची, हे तुझं, आणि ते आता दगाजीभाईंचंही झालंय.

मी तिथे काही बोलणार नाही. चपला हातात घेऊन काळ्या मातीत उभा राहीन, पेरणीची पाभर पुढे सरकेल तसा बांधाने सरकेन, आणि अर्ध्या वावराशी बैल थांबले की दगाजीभाई मागे वळून बघतील. कपाशी कुठे संपते नि ज्वारी कुठे सुरू होते, ती रेघ ते आखतील. मी फक्त तिथे असेन.